श्वास शिकवला ती थंडी

यंदा थंडी लवकर आली. आदिलाबादजवळच्या मावल्यातल्या माझ्या घरासमोरून कापसाच्या गाड्या जायला लागल्या, की रस्त्याकडेच्या बाभळींना रुईचे पुंजके अडकतात आणि संक्रांतीपर्यंत तसेच राहतात. परवा सकाळी दूध आणायला निघाले आणि फाटकाशीच माझ्या लक्षात आलं, की मी दोन्ही तळहात एकमेकांवर घासते आहे. लेकराला हात लावायचा तर हात आधी गरम करायचे, ही नोकरीतली सवय. नोकरी संपून बरीच वर्षं झाली. घरात लेकरू नाही. मोठं माणूसही माझ्याशिवाय कुणी नाही. तरी थंडी पडली की हात आपलं काम सुरू करतात.

हिवाळे मी पुष्कळ पाहिले, पण थंडी म्हटली की मला एकच हिवाळा आठवतो.

तेव्हा आमचा जिल्हा आंध्र प्रदेशात होता. हैदराबादहून निघालेला कागद आमच्यापर्यंत पोचेस्तोवर त्यातलं निम्मं काम शिळं झालेलं असे. मी नर्सबायांना शिकवणारी होते, आदिलाबादला. त्या वर्षी दसऱ्यानंतर आई गेली. वडील तहसील कचेरीत पेशकार होते, ते आधीच गेले होते. भाऊ हैदराबादला, त्याच्या संसारात. लग्न मी केलं नव्हतं. त्याची कारणं त्या वयात फार मोठी वाटत, आता धड आठवतही नाहीत. तेरावं झालं, भाऊ परत गेला आणि मी रोज संध्याकाळी सवयीनं दोन भाकरी जास्त थापायला लागले. सकाळी त्या गाईला घालायच्या. असे पंधरा-वीस दिवस गेल्यावर तो कागद आला.

गुडीहत्नूरच्या पुढे मोठा रस्ता सोडून आत गेलं, की एक आरोग्य केंद्र होतं. तिथं थंडीभर राहून आसपासच्या खेड्यांतल्या नर्सबायांना आणि सुइणींना शिकवायचं होतं. विषय एकच. जन्मल्यावर जे बाळ रडत नाही, त्याला श्वास कसा द्यायचा. आमच्यापैकी कुणी जायला तयार नव्हतं. मी हो म्हटलं. सगळ्यांना वाटलं, बाईंना कामाची केवढी तळमळ. मला फक्त त्या दोन भाकऱ्यांपासून लांब जायचं होतं.

केंद्राच्या मागे मला एक खोली मिळाली. खिडकीतून बाहेर पाहिलं तर नुसती पऱ्हाटी. नजर पोचेल तिथवर कापूस फुटलेला, मधे मधे तुरीच्या ओळी, आणि त्यातून वेचणाऱ्या बायकांच्या वाकलेल्या पाठी. दिवसभर त्यांचं बोलणं ऐकू येई, पण शब्द कळत नसत. वारा फिरला की मराठी वाटे, पुन्हा फिरला की तेलुगू. थंडी अशी, की रात्री बाहेर ठेवलेल्या बादलीत सकाळी हात घालवत नसे. त्या खोलीत मी कुणाशी बोलले ते आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की आरशासमोर वेणी घालताना एकदा मी मोठ्यानं स्वतःला म्हटलं, ‘चला, उशीर झाला,’ आणि माझाच आवाज मला परका वाटला.

शिकवायला माझ्याकडे एक रबराची बाहुली होती, खऱ्या बाळाएवढी. पत्र्याच्या पेटीतून आली होती. तिची मान बरोबर ठेवली, नाकातोंडावर मास्क नीट बसवला आणि त्याला जोडलेली हवेची रबरी पिशवी दाबली, तर तिची छाती वर येई. मान जरा चुकली, की कितीही दाबा, छाती हलायची नाही. सगळं शिकणं त्या एवढ्याशा हलण्यात होतं. बाळ बाहेर आल्यापासून पहिलं मिनिट आपलं. त्या मिनिटात पुसायचं, गुंडाळायचं, पाठ चोळायची, आणि तरी श्वास नसेल तर पिशवी हातात घ्यायची.

पहिल्या तुकडीत सहा-सात जणी होत्या. त्यातली स्वरूपा निर्मलकडची, नुकतीच नोकरीला लागलेली नर्स. मराठी कळे, बोलताना मात्र ती तेलुगूत शिरे. आणि एक होत्या गिरजाबाई. जवळच्याच खेड्यातल्या, मेथी-वांग्यांची वाडी करणाऱ्या. नवरा नव्हता. सुईणपण त्यांना सासूकडून आलेलं. पन्नाशी उलटलेली, हात मातीनं भेगाळलेले, पण नखं बारीक कापलेली आणि स्वच्छ. ती नखं पाहूनच मी ओळखलं, की ही बाई काम जाणते.

पहिल्या दिवशी मी बाहुली टेबलावर ठेवली आणि बोलायला सुरुवात केली. माझं बोलणं चालू असतानाच गिरजाबाई उठल्या. अंगावरच्या शालीत त्यांनी बाहुली गुंडाळली, डोक्यावरून पदर घ्यावा तसं तिचं डोकं झाकलं, आणि मला विचारलं, “काऊन बाई, या लेकराले असं उघडं काऊन ठेवलं? थंडी नाई का वाजून राह्यली त्याले?”

बाकीच्या हसल्या. मीही हसले, पण मला लाज वाटली. पुस्तकात पहिलं वाक्य तेच होतं, बाळाला थंडी लागू देऊ नका. मी ते वाक्य फळ्यावर लिहिलं होतं आणि बाळ उघडं ठेवलं होतं. त्या दिवसापासून माझा पाठ बाहुली गुंडाळण्यापासून सुरू व्हायला लागला.

हात त्यांचे फार चांगले होते. पुसताना दाब किती, पाठीवरून हात फिरवताना जोर किती, हे त्यांना सांगावं लागलं नाही. अडलं ते पुढे. बाळ तरीही रडलं नाही तर तुम्ही काय करता, असं मी सगळ्यांना विचारलं. कुणी म्हणालं, उलटं धरून चापट्या मारतो. कुणी थाळी वाजवणारी, कुणी गार पाण्याचा हबका मारणारी. गिरजाबाईंनी सांगितलं, बाळामागून पडणारी वार शेकतो. वार पडायची वाट पाहायची, नाळ कापायची नाही, आणि वार निखाऱ्यावर धरायची. लेकराचा जीव वारेत अडकून बसलेला असतो. वार तापली की तो नाळेतून लेकरात परत येतो. त्यांच्या सासूनं असंच केलं होतं, त्यांनीही. काही लेकरं रडली होती, काही नव्हती रडली.

मी सौम्यपणे सांगायचा प्रयत्न केला. म्हटलं, जी रडली ती बहुतेक आपली आपणच रडली असतील. वार पडायला कधी दहा मिनिटं लागतात, कधी त्याहून जास्त. तोवर लेकरू वाट पाहतं. त्याच्याकडे तेवढा वेळ नसतो.

गिरजाबाईंनी वाद घातला नाही. त्या बाहुलीशी येऊन उभ्या राहिल्या. स्वरूपानं त्यांच्या हातात पिशवी दिली. दोनदा छाती हलली नाही. मग त्यांनी पदराच्या टोकाची घडी करून बाहुलीच्या खांद्यांखाली सरकवली, हनुवटी वास घेतल्यासारखी जराशी वर केली, आणि दाबलं. छाती वर आली. त्यांनी सोडलं, ती खाली गेली. पुन्हा वर. स्वरूपा शेजारी मोजत होती, ओकटी, रेंडू, मूडू. सगळ्या खूश झाल्या. मीही शाबास म्हणणार होते.

गिरजाबाईंनी पिशवी खाली ठेवली आणि बाहुलीकडेच पाहत विचारलं, “मंग बाई, माया हातानं जे गेले, ते मेलेले नव्हते का?”

त्या खोलीत पुढे काय झालं ते मला नीट सांगता येईल. चहा आला. मी म्हटलं, असं काही सांगता येत नाही, प्रत्येक बाळाचं वेगळं असतं. हे खरंच होतं. काही बाळं खरोखर पोटातच गेलेली असतात. पण गिरजाबाईंनी विचारलं होतं ते उरलेल्यांबद्दल, आणि हे आम्हा दोघींना कळत होतं. मी चहाचे पेले वाटले. त्यांनी पेला घेतला, प्यायला नाही.

मी त्यांना काय सांगायला हवं होतं, ते इथं लिहिते. माझ्या नोकरीचं पहिलं वर्ष. एका मोठ्या गावातला दवाखाना. एका सकाळी तीन बाळंतपणं एकदम आली. एक बाळ निळं, लुळं, आवाज नाही. वरच्या बाई दुसऱ्या टेबलाशी होत्या. मी ते बाळ ट्रेमध्ये ठेवलं, त्यावर कापड टाकलं आणि दुसरीकडे धावले. परत आले तेव्हा कापड हलल्यासारखं वाटलं. वाऱ्यानं असेल म्हणून मी खिडकीकडे पाहिलं. खिडकी बंद होती. कापड उचललं तर बाळानं एकदा तोंड उघडलं आणि मिटलं. पुन्हा उघडलं नाही. कपाटात पिशवी असेलही, मला ती धरता येत नव्हती. कुणी शिकवलीच नव्हती. रजिस्टरात मी माझ्या सुवाच्य अक्षरात ‘मृत जन्म’ असं लिहिलं. मला कुणी काही विचारलं नाही. कुणी रागावलं असतं तर बरं झालं असतं.

हे मी आईलाही सांगितलं नव्हतं. गिरजाबाईंना तर मी शिकवायला आले होते. शिकवणाऱ्या बाईनं असं काही सांगायचं नसतं, असं मला तेव्हा खरंच वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी गिरजाबाई आल्या नाहीत. तिसऱ्याही दिवशी नाहीत. मी बाकीच्यांना शिकवत राहिले, आणि माझं लक्ष दाराकडे. संध्याकाळी खोलीत आलं, की तो प्रश्न माझ्या आधी येऊन बसलेला असे. चौथ्या दिवशी दुपारी मी त्यांच्या गावी चालत गेले. त्या घरी नव्हत्या, शेतात होत्या. कापूस वेचत होत्या, कमरेला वेचलेल्या कापसाचा ओटा, लुगड्याची झोळी, बांधून. मला पाहिलं, मान हलवली, वेचत राहिल्या. मी त्यांच्या शेजारची ओळ धरली. मला वेचायची सवय नव्हती. बोंडाची टोकं बोटांना लागून रक्त यायला लागलं. त्यांनी ते पाहिलं, पण मला थांब म्हटलं नाही.

अर्धी ओळ झाल्यावर त्या बोलायला लागल्या. माझ्याशी बोलत होत्या असं नाही. त्या एकेका बाईचं नाव घेत होत्या. गंगूची पहिली. कमलचं दुसऱ्या खेपेचं, पोरगा होता. शेवंताचं, ते लई गोरं होतं. वर्ष सांगत नव्हत्या, खूण सांगत होत्या. त्या साली तूर जळाली होती, त्या साली नाल्याला पूर होता. नावं संपली तेव्हा ओळही संपली होती. मी सगळी ऐकली. माझं एक मी त्यात घालू शकले असते. आभाळ निरभ्र होतं, आजूबाजूला कुणी नव्हतं, याहून योग्य जागा मिळाली नसती. मी फक्त एवढंच म्हटलं, की उद्या वर्गाला या.

त्या आल्या. पण पहिल्यासारखं बोलणं राहिलं नाही. येत, बाहुली गुंडाळत, पिशवी घेत, पुन्हा पुन्हा दाबत. बाकीच्या दमून बसल्या तरी त्यांचं चालू असे. स्वरूपा एकदा मला म्हणाली, गिरजाम्मा बाहुलीवर रागावल्यासारखं करते. मला तसं वाटलं नाही. मला वाटलं, त्या प्रत्येक वेळी वेगळ्या बाळाला श्वास देत असाव्यात.

पौषातली गोष्ट. स्वरूपाचा त्यांच्या गावात लसीकरणाचा दिवस होता, आणि तिचं काम पाहायला मी तिच्यासोबत गेले होते. सकाळचे दहा वाजले असतील. गिरजाबाईंच्या शेजारच्या घरातून बोलावणं आलं. सुमन नावाची मुलगी, बाळंतपणाला माहेरी आलेली. कळा पहाटेपासून होत्या, गिरजाबाई तिथंच होत्या. आम्ही पोचलो आणि बाळ आलं. पांढरंफटक, हातपाय सैल सुटलेले.

मी उंबऱ्यात थांबले. आत जाऊन सगळं आपल्या हातात घ्यावं, असं अंगातली प्रत्येक नस सांगत होती. गेले नाही, कारण आत जागा दोघींचीच होती आणि दोघींना काम येत होतं. गिरजाबाईंनी बाळ पुसलं, ओलं कापड फेकलं, कोरड्यात गुंडाळलं. पाठ चोळली. काही नाही. सुमनच्या आजीनं चुलीतले निखारे परातीत काढून पुढे आणले, वार शेकायला. गिरजाबाईंनी तिकडे न पाहता सांगितलं, “नको. वेळ नाई.” आणि नाळ बांधून कापली.

स्वरूपानं आपल्या झोळ्यातून पिशवी काढून मास्क लावला. पहिल्यांदा दाबलं, छाती हलली नाही. गिरजाबाईंनी कापडाची घडी खांद्यांखाली सरकवली, हनुवटी जरा वर केली, आणि मान हलवून तिला खूण केली. छाती वर आली. मग फक्त मोजणं. ओकटी, रेंडू, मूडू. ओकटी, रेंडू, मूडू. सुमन विचारत होती, काय झालं, काऊन रडत नाई. गिरजाबाईंची दोन बोटं नाळेच्या बुडाशी ठोके पाहत होती. किती वेळ गेला ते माझ्या हातावरचं घड्याळ सांगू शकलं असतं, पण मी त्याच्याकडे पाहिलं नाही. आधी उचकीसारखा एक आवाज झाला. मग काही नाही. मग पुन्हा एक. मग बारीक कुरकुर, आणि त्यानंतर ते बाळ असं रडायला लागलं, की अंगणातल्या कोंबड्या पांगल्या.

स्वरूपा रडत होती आणि हसत होती. सुमनची आजी निखाऱ्यांची परात हातात धरून तशीच उभी होती. बाळ आईच्या अंगावर, शालीखाली गेलं, वार पडली, सगळं नीट पाहून झालं, मग गिरजाबाई मागच्या दारानं बाहेर गेल्या. थोड्या वेळानं मीही गेले. त्या मेथीच्या वाफ्याजवळ हात धूत बसल्या होत्या. हात केव्हाच स्वच्छ झाले होते. त्या धूतच होत्या.

मी शेजारी बसले. त्यांनी वर न पाहता विचारलं, “एवढंच होतं, बाई?”

मी म्हटलं, “हो.”

आयुष्यात मी इतकं छोटं आणि इतकं जड उत्तर कुणाला दिलं नाही. घरातून बाळाचं रडणं येत होतं, लोक गूळ वाटत होते, कुणीतरी गिरजाबाईंना हाक मारत होतं. त्या वाचलेल्या एका बाळामुळे बाकीची पुन्हा एकदा गेली होती. हे त्या गर्दीत फक्त दोघींना माहीत होतं, आणि त्या दोघींपैकी एक गप्प बसली होती.

फाल्गुनात मला परत बोलावलं. त्यानंतर मी वर्षानुवर्षं तेच शिकवलं, जिल्ह्यातल्या किती गावांत, आता मोजता यायचं नाही. प्रत्येक तुकडीत, बाहुलीची छाती पहिल्यांदा वर आली की सगळ्या खूश होत, आणि एखादी जुनी बाई गप्प होई. मी तिला ओळखायची. तिच्या हातात चहाचा पेला द्यायची आणि पुढच्या धड्याकडे वळायची. नवं काही शिकवलं, की शिकणारीच्या हातात तिचं जुनं सगळं वेगळं होऊन परत येतं, हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नव्हतं. मला ते ठाऊक होतं, आणि मीही ते कुणाला सांगितलं नाही. आमच्या कामात माणसं सतत आजूबाजूला असतात. एकटेपणा तरीही एवढा साठतो कसा, असं मला वाटायचं. आता वाटतं, आम्ही तो स्वतःच जपून ठेवत होतो.

राज्य फुटलं, आमचा जिल्हा नव्या राज्यात गेला. स्वरूपा आता स्वतः शिकवते, निर्मलला असते, अधूनमधून फोन करते. परवा, त्या दुधाच्या सकाळनंतर, तिचा फोन आला. गिरजाबाईंच्या गावावरून गेली होती. म्हणाली, गिरजाम्माची नजर गेली, पण कान शाबूत आहेत. विचारत होती, त्या मास्तरीणबाई हाईत का गेल्या.

मी दुसऱ्याच दिवशी बस धरली.

त्या अंगणात बाजेवर बसल्या होत्या, उन्हात. खूप लहान झाल्या होत्या. मी नाव सांगितलं, तर त्यांनी माझा हात हातात घेतला आणि बोटं चाचपली. सुमनच्या पोरीचं लग्न झालं, असं सांगितलं. तीच ती, त्या दिवशी उशिरा रडलेली पोरगी. सून चहा ठेवायला आत गेली. मी समोर स्टुलावर बसले आणि ठरवून काही आले नसताना सांगायला लागले. तो दवाखाना, तो ट्रे, ते कापड, बंद खिडकी, माझं अक्षर. सगळं सांगितलं. त्यांनी मधे काही विचारलं नाही. मी थांबले तेव्हा म्हणाल्या,

“मंग तवाच काऊन नाई सांगतलं?”

मी म्हटलं, मी शिकवायला आले होते. तुमचा माझ्यावरचा विश्वास उडेल, असं वाटलं.

त्यांनी मान हलवली. रागावल्या होत्या, आणि ते त्यांनी लपवलं नाही.

“त्या दिसापासून आजलोक मले वाटे, का या पापाची धनीण मी एकटीच हाओ,” त्या म्हणाल्या. “तू एक सबद बोलली असती, तर आपण दोघी झालो असतो.”

सून चहा ठेवून गेली. अंगणात चिमण्या दाणे टिपत होत्या. गिरजाबाई बाजेवर हळूहळू बाजूला सरकल्या आणि मोकळ्या झालेल्या जागेवर हातानं थोपटलं.

“ये, इकडं बस, पोरी. तिकडं आता सावली आली असंल.”

खरंच आली होती. मी उठून त्यांच्याजवळ बसले. त्यांनी शालीचं एक टोक माझ्या खांद्यावर टाकलं, आणि ऊन भिंतीपलीकडे जाईपर्यंत आम्ही दोघी तिथंच बसून राहिलो.